जुन्या पीसीला रॅम घेताना

ऐन लग्नसराईत, पत्रिकेत नवरीच्या नवव्या मामांचं नाव टाकताना पीसी पुन्हा हँग झाला. मुलीचे वडील शेजारच्या खुर्चीत बसलेले. हार्ड डिस्कचा लाल दिवा लागला तो विझेचना.

सासवडला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. हा डेस्कटॉप २०१० सालचा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या चिपचा) बोर्ड, विंडोज ७. "आता नवा घ्या की," असं येणारा-जाणारा म्हणतो. पण माझं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं आहे आणि त्याचं लॉक, म्हणजे जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी डबी, मागे प्रिंटरच्या पोर्टला लागतं. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. इतक्या वर्षांच्या पत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल सगळं त्याच फॉन्टात. तेव्हा मशीन बदलायचं नाही, एवढं नक्की होतं.

टास्क मॅनेजर उघडला तर २ जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, जवळजवळ पूर्ण भरलेली. रॅम संपली की विंडोज हार्ड डिस्कवरची जागा वापरायला लागतं, आणि डिस्क रॅमच्या मानाने बैलगाडीच. म्हणून तो दिवा. सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं: रॅम डीडीआर३ जातीची, स्लॉट दोनच, दोन्हींत एकेक जीबी. म्हणजे नवी बसवायची तर जुनी काढावीच लागणार. बोर्डाच्या पुस्तिकेत कमाल ८ जीबी छापलेलं. झालं, चार-चारच्या दोन घ्यायच्या ठरल्या.

पत्रिकांची कार्डं आणायला पुण्याला गेलो होतो, तसाच तपकीर गल्लीत, कॉम्प्युटरच्या बाजारात, शिरलो. दुकानदाराने रॅमची ४ जीबीची स्टिक काढून दिली. म्हणाला, "डीडीआर३ आहे ना दादा? मग डोळे झाकून न्या." मी म्हटलं आधी एकच नेऊन बघतो. तेवढं एक शहाणपणाचं केलं.

रात्री दुकान बंद करून बसवली. स्क्रीन काळी. एक लांब बीप, थांबून पुन्हा लांब बीप. काढली, सोनेरी पट्टीवर खोडरबर घासला, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली. तेच. जुनी लावली की मशीन गुमान चालू. शेवटी हार्डवेअरचं काम करणाऱ्या भाच्याला फोन लावला.

"मामा, स्टिकवर चिप किती आहेत? मोजा."

"आठ. मागची बाजू कोरी."

"मग नाही चालायची. सोळावाली पाहिजे."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जी४१ जुना चिपसेट. त्याला २ गिगाबिटपर्यंतचीच चिप कळते. आठ गिगाबिटचा एक जीबी होतो, तेव्हा अशा सोळा चिप म्हणजे ४ जीबी. पुढे ४ गिगाबिटची चिप आली आणि आठांतच ४ जीबी बसायला लागले. खाच तीच, पिना तितक्याच, त्यामुळे स्टिक बसते छान. पण बोर्डाला ती वाचताच येत नाही.

मी म्हटलं, मग सोळावाल्या दोन शोधतो. तर भाचा म्हणाला, "तुमचं विंडोज बत्तीस बिटचं ना? मग आठ जीबी घालून करणार काय?" बत्तीस बिटच्या विंडोजकडे मेमरीतल्या जागांचे पत्तेच ४ जीबीपुरते, आणि त्यातलेही काही ग्राफिक्स वगैरेंना जातात. चौसष्ट बिट टाकावं तर लॉकचा बत्तीस बिटचा ड्रायव्हर तिथे चालत नाही. म्हणजे लॉक सांभाळायचं तर ४ जीबीच्या वर खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात.

पुन्हा दिवे घाट उतरून पुण्याला गेलो. दुकानदाराने कुरकुर करत स्टिक परत घेतली आणि २ जीबीच्या दोन, एकाच कंपनीच्या, जुन्या दिल्या. १३३३ च्या वेगाच्या आहेत. माझ्या बोर्डावर १०६६ ने चालतात, त्याने काही बिघडत नाही. जुना माल म्हणून रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, लावून ठेवली. सकाळी एकही एरर नव्हती.

आता सिस्टीममध्ये ४ जीबी दिसतात, वापरायला २.९९. फोटो असलेली पत्रिका, अहवालाची फाइल आणि ब्राउझर एकदम उघडे ठेवले तरी दिवा अधूनमधूनच लुकलुकतो. मशीन सुरू व्हायला मात्र पूर्वीइतकाच वेळ घेतं. तिथे रॅमचा काही उपयोग नाही, हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी लागेल. ती दिवाळीनंतर बघू. काढलेल्या दोन स्टिक पत्रिकेच्या उरलेल्या पाकिटात घालून वर पेनाने लिहून ठेवलंय: डीडीआर३, १ + १, चालू.