सराटे, गेटर आणि मावसभावाची पिशवी

डोंगरात सायकल न्यायची तर सोबत कोणती हत्यारं ठेवावीत, हे पुण्या-मुंबईची पोरं व्हिडिओत सांगायला लागली की माझं डोकं फिरतं. सगळं सांगतात, काट्यांचं कुणी बोलत नाही. त्यांनी एकदा पावसाळा सरताना बालाघाटावर यावं.

मावसभाऊ अशीच एक यादी पाठ करून आला होता. टॉर्क रेंच, दोन पक्कडी, कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) खोलायची दांडी, चेन धुवायचा ब्रश सुद्धा. बेत असा: बीडहून मांजरसुंबा, कपिलधार, मग डांबरी सोडून गाडीवाटांनी पाटोद्याकडं आणि पुढं सौताडा. मांजरसुंब्याचा चढ ट्रकांचा धूर खात चढलो, कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेतलं, धबधब्यावर गर्दी होती म्हणून थांबलो नाही. खरं सांगायचं ते यानंतरचं.

माळावर वाटेच्या कडेला बारकी पिवळी फुलं दिसली की समजायचं, सराटे आलेत. कसाही पडला तरी सराट्याचा एक काटा वर असतोच. माझी चाकं ट्यूबलेस, आत ट्यूब नाही, भोकं बुजवणारं पातळ सीलंट असतं, त्यामुळं असल्या काट्यांची मला फिकीर नसते. भोकातून रुईच्या चिकासारखं सीलंट येतं आणि चाक दोन फेरे फिरलं की भोक बुजतं. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे सीलंट लवकर आटतं, दोन-तीन महिन्यांनी भरलं नाही तर टायरात नुसती सालपटं उरतात. माझं ताजं होतं. तरी वेड्या बाभळीची वाळकी फांदी चाकात आली आणि टायर बाजूनं फाटलं, बोटाच्या पेराएवढं. तिथं सीलंटही चालत नाही आणि भोकात कोंबायचा रबरी प्लगही धरत नाही.

अशा वेळेसाठी जवळ ट्यूब होती. पण ढकलत एका फाट्यावर आलो तर पंक्चरचं दुकान उघडं दिसलं, सावली होती, चहाही होता. मामा साठीच्या पुढचे. कम्प्रेसरची नळी उचलून आधी व्हॉल्व्हकडं बघितलं.

"पाव्हणं, ह्ये वॉल कसलं? एवढं बारीक?"

माझ्या सायकलीचा व्हॉल्व्ह प्रेस्टा. मोटारसायकलच्या नोझलला तो बसत नाही. मी खिशातून पितळी अडॅप्टर काढला तेव्हा मामांचा चेहरा उजळला. नखाएवढी ही वस्तू नसेल तर मराठवाड्यातले झाडून सगळे कम्प्रेसर तुमच्यासाठी बंद.

टायर उतरवलं. भाऊ लगेच नवी ट्यूब घालायला बसला, मामांनी त्याचा हात धरला. टायरच्या आतून अंगठा फिरवायला लागले, एकेक बोट सावकाश. सीलंटनं बुजवलेले सराटे आत टोकं काढून बसलेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत. ट्यूब तशीच घातली असती तर दहा मिनिटांत चाळणी झाली असती. मामांनी सदरा वर करून करदोट्याचा चिमटा काढला, जुन्या माणसांकडं काटे काढायला असायचा तो, आणि टोकं उपसून पत्र्यावर टाकायला लागले. टाकताना बारीक टक-टक ऐकू येत होती. मग जुन्या टायरचा तुकडा कापून, कानशीनं कडा घासून, फाटलेल्या जागी आतून गेटर, म्हणजे टायरचं ठिगळ, बसवला. पन्नास रुपये घेतले. तेवढ्यात जमलेल्या मंडळींनी गाडीची किंमत विचारली (हा प्रश्न चुकत नाही), आणि एका आजोबांनी, "एवढे गिअर हायेत तर चढाला ढकलत काहून आणता?" हेही.

माझा हिशोब तेव्हापासून पक्का आहे. गावात मिळतं ते वाहायचं नाही. पक्कड, तार, पाना, ग्रीस, टायरचा तुकडा हे कुठल्याही फाट्यावर मिळतं. जे पाटोद्यातच काय, बीडातही मिळत नाही ते आपल्याजवळ हवं: आपल्या फ्रेमचाच डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा), आपल्या गिअरच्या मापाची क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी (बारा स्पीडच्या चेनला अकराची चालत नाही), तो अडॅप्टर, एक ट्यूब. हँगर वाकला तर गावचा वेल्डिंगवाला हौसेनं हात घालेल, पण त्याचं काम लोखंडाचं. हँगर ॲल्युमिनियमचा असतो, त्याच्या हातात मोडूनच यायचा. अ‍ॅलन-की चार, पाच, सहाच्या आणि डिस्क ब्रेकच्या बोल्टांना चांदणी तोंडाची टी-२५, सगळं एकाच घडीच्या हत्यारात, चेन तोडायचंही त्यातच. हवा भरायचं गॅसचं नळकांडं मला पटत नाही, एकदा फुसकन गेलं की संपलं. हातपंपाला दम लागतो, पण तो संपत नाही. आणि चिमटा. भुवयांचा चालतो, बायको ओरडते.

सौताड्याला पाणी होतं, सेल्फीवाले त्याहून जास्त होते.

रात्री मागं पाटोद्यात येऊन मुक्काम केला आणि नेमका पाऊस पडला. सकाळी काळ्या रानातून निघालो तर पन्नास पावलांत चाकं फिरायची थांबली. फोर्क आणि टायरमध्ये चिखल असा गच्च बसला की सायकल उचलूनही हलेना. भावानं चेन धुवायचा ब्रश काढला. मी बांधावरची बाभळीची काडी मोडून त्याच्या हातात दिली आणि डांबरी किती लांब आहे ते विचारायला पुढं गेलो.