दक्षिण दाखवणारं होकायंत्र

पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान पेट्या निवडायच्या असल्या की आम्ही माहितीपत्रकावर जात नाही, सीलबंद पेटीच मागवतो आणि सील स्वतः फोडतो. त्या दिवशी टेबलावर सहा पेट्या होत्या. एकीच्या झाकणावर ठळक अक्षरात '१०१ प्रयोग'. आत पाहिलं तर दिवा लावणे हा एक प्रयोग, तोच दिवा बटण दाबून लावणे हा दुसरा, आणि बटणाच्या जागी लोखंडी खिळा लावणे हा तिसरा. असे मोजले तर शंभरी सहज गाठता येते.

त्याच पेटीतल्या होकायंत्राची सुई मात्र विचित्र वागत होती. लाल टोक सरळ दक्षिणेकडे. टेबल लोखंडी, शेजारी लोखंडी कपाट, म्हणून व्हरांड्यात नेऊन पाहिलं. सकाळच्या उन्हावरून पूर्व कळत होतीच. तरी सुई दक्षिणेवरच. त्याच पुरवठादाराची दुसरी पेटी उघडली, तिच्यातही तेच. कारण पॅकिंगमध्ये होतं. फोमच्या साच्यात होकायंत्राला चिकटूनच पट्टी चुंबकाचा खाचा. सुई म्हणजे शेवटी पोलादाची पातळ पात. जोरदार चुंबक इतका जवळ राहिला की तिचे ध्रुव उलटतात. अशा होकायंत्रावर सहावीतला मुलगा काय शिकणार?

दुरुस्ती सोपी आहे. आधी पट्टी चुंबक दोऱ्याने मधोमध टांगून त्याचे ध्रुव तपासायचे, कारण स्वस्त चुंबकांवर रंगही कधी उलटा मारलेला असतो. मग होकायंत्र इतकं तिरकं धरायचं की सुई अडकून राहील. चुंबकाचा दक्षिण ध्रुव काचेवरून सुईच्या पांढऱ्या टोकाकडून लाल टोकाकडे सरकवत न्यायचा आणि तिथून सरळ वर उचलायचा. दोन-चार वेळा केलं की सुई ताळ्यावर येते. पण हे शिक्षकाने का करावं? चुंबक वेगळ्या पिशवीत, पेटीच्या दुसऱ्या टोकाला, ही अट आम्ही लेखी घातली.

दुसऱ्या एका पेटीतलं सामान उत्तम होतं; पुस्तिकेने घोळ घातला होता. साधी मोटर: २६ गेजची, वर विजेला अडवणारा लेप असलेली इनॅमलची तार मोठ्या सेलभोवती १०-१५ वेढे गुंडाळायची, दोन टोकं सरळ बाहेर, सेफ्टी पिनांवर टेकवायची, खाली चकती चुंबक, जोडीला १.५ व्होल्टचा एक सेल. पुस्तिका सांगते, 'दोन्ही टोकं पूर्ण खरवडा.' तसं केलं की वेटोळं थरथरतं आणि थांबतं. पहिल्या अर्ध्या फेरीत मिळालेला रेटा पुढच्या अर्ध्या फेरीत उलटा बसतो. एक टोक पूर्ण खरवडायचं. दुसऱ्यासाठी वेटोळं उभं धरून तारेची फक्त वरची बाजू पॉलिश पेपरने घासायची, म्हणजे उलट्या रेट्याच्या वेळी वीज बंद राहते. वेटोळं अडकलं तर लगेच उचलायचं, नाहीतर सेल तापतो. टोकं अशी खरवडल्यावर मोटर पहिल्या टिचकीत फिरली. पेटी घेतली, पुस्तिकेचं ते पान बदलून मागितलं.

लिंबाच्या बॅटरीचं चित्र बहुतेक झाकणांवर असतं: एक लिंबू आणि झगमगता बल्ब. तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचलेलं लिंबू साधारण ०.९ व्होल्ट देतं, पण विजेचा प्रवाह मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी. टॉर्चच्या बल्बला त्याच्या शेकडोपट लागतो. तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडली तर लाल एलईडी अंधारात मंद दिसतो, तोही लांब पाय धन बाजूला जोडला तरच. दोन लिंबांवर छोटं डिजिटल घड्याळ मात्र व्यवस्थित चालतं. बल्बऐवजी घड्याळ द्या, इतकंच म्हणणं.

दोन पेट्या प्रयोग करून न बघताच बाजूला गेल्या. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. 'हे खेळणं नाही, शैक्षणिक साहित्य आहे' हा वाद आम्ही घालत बसत नाही. चिन्ह नसेल तर पेटी परत. त्यातल्या एकीत पाच मिलिमीटरच्या शक्तिशाली चुंबकगोळ्या होत्या. दोन गोळ्या वेगवेगळ्या वेळी पोटात गेल्या तर आतड्याच्या दोन पदरांना मधे धरून चिकटतात. नाण्याएवढ्या बटण सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तरी नकार. तो सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजतो, आणि पेटी घरी गेली की धाकटं भावंड असतंच. दुर्बिणीच्या नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगावर, बसवायची 'सूर्य काच' दिसली की काढून टाकतो. उष्णतेने ती तडकते आणि डोळा उघडा पडतो.

मग उरतो संपणाऱ्या वस्तूंचा हिशेब. लिटमस संपला की जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क चालतो: आम्लात गडद गुलाबी, अल्कलीत हिरवा. हळदीचा कागद अल्कलीत लाल होतो, पण आम्ल ओळखत नाही. आगपेटीच्या काड्या जोडून केलेल्या रचनांना सायकलच्या व्हॉल्व्हची नळी लागते, ती बाजारात मिळते. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची कितीतरी खेळणी अशाच सामानावर उभी आहेत. आटे असलेला, फिरवून बसवायचा छोटा बल्ब मात्र तालुक्याच्या दुकानात हमखास मिळेल असं नाही. म्हणून दर पेटीमागे दहा जादा बल्ब आणि एक होल्डर, हे ऑर्डरमध्येच लिहून घेतलं.