तुम्ही विचारलंत म्हणून : मुलीला त्या शाळेत का ठेवलं

इकडे कॅलिफोर्नियात गणेशोत्सवात मंडळाच्या जेवणाच्या रांगेत, कुणाच्या तरी गृहप्रवेशाला, नाशिकला गेलं की मावशीच्या स्वयंपाकघरात, प्रश्न तोच असतो. "मोठ्याला व्यवस्थित सरकारी शाळेत घातलंत, मग धाकटीला त्या चार्टरमध्ये का?" हल्ली त्याचं दुसरं टोकही पुढे येतं : "तुझी आई जन्मभर झेडपीच्या शाळेत शिकवत होती. तिची मुलगी असून तू असं केलंस?" पहिला प्रश्न विचारणाऱ्यांना वाटतं, मी माझ्या मुलीचं नुकसान केलं. दुसरा विचारणाऱ्यांना वाटतं, मी दुसऱ्यांच्या मुलांचं केलं. हातात ताट घेऊन उभ्या उभ्या या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. म्हणून एकदा बसून लिहिते.

आधी गैरसमजांचं. आम्ही फी भरत नाही, कारण चार्टर शाळा खाजगी नसते; सरकारी पैशावर चालते, फक्त कारभार स्वतः बघते. प्रवेश परीक्षा नसते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढतात. १९९१ मध्ये मिनेसोटानं असा कायदा पहिल्यांदा केला आणि १९९२ मध्ये कॅलिफोर्नियानं. शाळा स्वतःच्या पद्धतीनं चालवायची, त्या बदल्यात डिस्ट्रिक्टशी, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेशी, करार करायचा आणि तो साधारण पाच वर्षांनी पुन्हा मंजूर करून घ्यायचा. मूल ज्या शाळेत जाईल तिकडे राज्याचा पैसा जातो. तोही नुसत्या पटावर नाही, रोजच्या हजेरीवर. डिसेंबरात तुम्ही महिनाभर भारतात जाता तेव्हा शाळा तुमच्याकडून घरच्या अभ्यासाच्या करारावर सही का घेते, हे आता लक्षात आलं असेल.

मार्कांचं म्हणाल, तर आमच्या शाळेत श्रेणी देत नाहीत. वर्षातून दोनदा शिक्षिका मुलाबद्दल दोन पानं लिहितात. "मग कळणार कसं कुठे आहे ती?" असं विचारता. ती दोन पानं एकदा वाचून बघा. माझ्या मुलीच्या पहिल्या अहवालात लिहिलं होतं की बेरीज करताना ती उत्तर आधी बोटांनी टेबलावर वाजवते आणि मग लिहिते, आणि चुकलं तर बोटं थांबतात. मी आई असून मला हे दिसलं नव्हतं. मला तिचं गणित त्या ओळीतून जेवढं कळलं तेवढं कुठल्याही आकड्यातून कळलं नसतं. शिवाय राज्याच्या परीक्षा आम्हालाही आहेतच, तिसरीपासून. आमच्याकडच्या काही पालकांना त्या परीक्षाच तत्त्वतः मान्य नाहीत, आणि कायद्यानं त्यांना मुलाला न बसवायचा हक्क आहे. पण ९५ टक्क्यांपेक्षा कमी मुलं बसली तर ९५ टक्क्यांना जितकी मुलं कमी पडली तितक्यांच्या नावावर सगळ्यात खालचे गुण धरतात, आणि त्याच निकालावर शाळेचा करार तोलला जातो. यावरून आमच्यात मैत्र्या तुटल्या आहेत. मी मुलीला बसवते. तत्त्वाची किंमत शाळेनं बंद पडून द्यावी, असं मला वाटत नाही.

"हे सगळं अमेरिकन फॅड" असं म्हणणाऱ्यांचा मात्र राग येतो. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांमागे कुरणावर जाऊन कुरणशाळा चालवत होत्या. ज्या जॉन ड्यूईनं १८९६ मध्ये शिकागोला प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली, त्याच ड्यूईच्या वर्गात पुढे कोलंबियात बाबासाहेब बसले. मूल काहीतरी करताना शिकतं, ही गोष्ट आपल्याकडे कुणी विमानातून आणलेली नाही.

आता मुलीचं. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, म्हणूनच प्रश्न संपत नसावेत. किंडरगार्टनचं वर्ष ती भावाच्या शाळेत होती. घरी अखंड बडबड आणि वर्गात एक शब्द नाही. सुरुवातीला आम्हाला वाटलं, इंग्रजीमुळे असेल. पण ती इंग्रजी घरी बोलत होती, भावाशी भांडत होती इंग्रजीत. वर्गात बाथरूमला जायचं आहे हेसुद्धा तिला सांगता येईना. ती घरी यायची ती धावत संडासात जायची. बाई चांगल्या होत्या, पण चोवीस मुलं आणि त्या एकट्या. फेब्रुवारीत त्यांनी मला सांगितलं, "ती अजिबात त्रास देत नाही." त्या वाक्यानं माझी झोप उडाली.

चार्टरची चिठ्ठी निघाली ती पुढच्या ऑगस्टसाठी. तीन इयत्तांची मुलं एका वर्गात, मागे वाफे, कोंबड्यांचं खुराडं. दर शुक्रवारी शाळेचं एक पत्रक निघतं : शनिवारी अंगण साफ करायला कोण येणार, कुणाचं जॅकेट हरवलं, चौथी-पाचवीच्या सहलीला तंबू कमी पडताहेत, जुनी वर्तमानपत्रं आणून द्या. त्यात मुलांसाठी एक कोपरा असतो. बाईंनी माझ्या मुलीला अंड्यांची बातमी दिली. आठवड्यात कुठल्या दिवशी किती अंडी निघाली ते लिहायचं. पण अंडी रोज वेगळा गट गोळा करायचा, म्हणजे आकडा मिळवायला प्रत्येक गटाला विचारणं भाग होतं. पहिले काही आठवडे ती वही पुढे करायची आणि बोट दाखवायची. मोठी मुलं आकडा लिहून द्यायची. मग एका मुलानं वही घेतलीच नाही, नुसता "काय हवंय?" म्हणून उभा राहिला. तो सात वर्षांचा होता, त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, "एग्ज." तो दिवस मला बाईंनी फोन करून सांगितला, आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

एवढंच उत्तर द्यायचं असतं तर इथे थांबता आलं असतं. पण तुमचा दुसरा प्रश्न आहे.

आमची शाळा मोठ्याच्याच शाळेच्या आवारात मागच्या बाजूला भरते. कॅलिफोर्नियात २००० साली मतदारांनी प्रपोझिशन ३९ मंजूर केलं, त्यानुसार डिस्ट्रिक्टला चार्टरच्या मुलांना साधारण बरोबरीच्या जागा द्याव्या लागतात. आमचा पट वाढला तशा खोल्या वाढल्या, आणि त्यातली एक खोली पुढच्या, म्हणजे मोठ्याच्या, शाळेची संगीताची होती. माझा मुलगा तिसरीत रेकॉर्डर शिकला तो त्याच खोलीत. बासरीसारखं ते प्लास्टिकचं वाद्य, त्यावर त्यानं आमचं डोकं उठवलं होतं. आता त्याच खोलीत त्याची बहीण बसते. भिंतीवरच्या संगीताच्या पाच रेघा बाईंनी पुसल्या नाहीत, मुलं त्यांवर पानं टांगतात.

कराराच्या नूतनीकरणाची सुनावणी आली. डिस्ट्रिक्ट बोर्डाच्या सभागृहात आमचे पालक एका बाजूला, पुढच्या शाळेचे दुसऱ्या बाजूला, सगळे आपापल्या शाळेचे टी-शर्ट घालून. बोलणाऱ्यांनी आधी कार्ड भरून द्यायचं. कार्डं इतकी झाली की अध्यक्षांनी सांगितलं, प्रत्येकाला एक मिनिट. समोर दिवा : हिरवा, पिवळा, लाल. मी घरून लिहून आणलं होतं, घड्याळ लावून वाचूनही पाहिलं होतं.

माझ्या आधी नाव पुकारलं ते माझ्या मुलाच्या तिसरीच्या बाईंचं. या बाईंनी माझ्या मुलाला वाचनाची गोडी लावली. आमच्या घरी त्यांचं नाव नेहमी आदरानं निघतं. त्या कागदाशिवाय बोलल्या. माझं या मुलांशी भांडण नाही, म्हणाल्या. आमचे संगीताचे सर आता वाद्यं ढकलगाडीवर घालून वर्गावर्गातून फिरतात, आणि बेंचांमध्ये गाडी अडकली की तास सुरू व्हायला वेळ जातो. ज्या पालकांना अर्ज, तारखा, चिठ्ठ्या हे कळतं ते मागच्या शाळेत जातात. ज्यांना कळत नाही, जे दोन दोन नोकऱ्या करतात, त्यांची मुलं आमच्याकडे राहतात, आणि त्यांच्यासाठी दर वर्षी थोडं कमी उरतं. लाल दिवा लागला. वाक्य अर्धं होतं, ते तसंच सोडून त्या खाली बसल्या.

मग माझं नाव.

मी लिहिलेलं बदललं नाही. वही, अंडी, तो सात वर्षांचा मुलगा, सगळं वाचलं. आमच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्यातल्या एकीनं मला नंतर म्हटलं, "त्यांना उत्तर द्यायला हवं होतंस." मला तसं वाटत नाही. ते एक मिनिट मी माझ्या मुलीसाठी मागितलं होतं, ते मी तिलाच दिलं. आजही तेच करेन.

बोर्डानं एका मताच्या फरकानं करार मंजूर केला. बाहेर पाण्याच्या नळापाशी बाई भेटल्या. आधी मुलाची चौकशी केली, काय वाचतोय, उंच झाला का. मग म्हणाल्या, "तुमची मुलगी बोलायला लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण न बोलणारी मुलं आमच्याकडे अजून आहेत."

मी म्हटलं, "तिच्या वर्गात चोवीस मुलं होती आणि बाई एकट्या."

"हो," त्या म्हणाल्या. "मी तेच तर बोलत होते."

रात्री आईला फोन केला. तिकडे सकाळ होती. करार मंजूर झाला, असं सांगितलं. मला वाटलं होतं ती नातीबद्दल विचारेल. तिनं विचारलं, "पुढच्या शाळेचा पट किती उतरला?"

आई नाशिक जिल्ह्यात झेडपीची शिक्षिका. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ती वस्त्यांवर दारोदार फिरायची, पट टिकावा म्हणून. उन्हात पायऱ्यांवर बसून आयांची समजूत काढायची. गावात इंग्रजी माध्यमाची पिवळी व्हॅन यायला लागली तसे एकेक वर्ग पातळ होत गेले. पट कमी झाला की शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की दोन वर्ग एका शिक्षकाकडे येतात, आणि मग उरलेले पालकही व्हॅनकडे बघायला लागतात. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांत मिसळायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा ती निवृत्त झाली होती, तरी पेपर वाचून दिवसभर गप्प होती. कॉलेजात असताना मी त्या व्हॅनमध्ये पोरं बसवणाऱ्या शेजाऱ्यांवर चिडायचे. तुम्ही स्वतःपुरतं बघता, असं तोंडावर बोलले आहे मी एका काकूंना.

त्या वीस वर्षांच्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, माझा अजून वाद चालतो. मी तिला सांगते, ही शाळा नफ्यासाठी नाही, फुकट आहे, सगळ्यांना खुली आहे. ती म्हणते, खुली आहे तर वाफ्यावर काम करायला शनिवारी येणारे पालक सगळे गाडी असलेलेच कसे? मी म्हणते, शाळा पालकांवर तासांची सक्ती करत नाही, कायद्यानं करताच येत नाही. ती म्हणते, सक्तीची गरजच पडत नाही, हेच तर मी म्हणतेय. मी म्हणते, चार्टरची कल्पना १९८८ मध्ये जोरात मांडणारा अल्बर्ट शँकर शिक्षक संघटनेचाच नेता होता, शिक्षकांना नवे प्रयोग करायला मोकळीक हवी म्हणून. ती म्हणते, आणि पुढे तोच तिच्या विरोधात गेला, तेही सांग. शेवटी मी तिला विचारते, माझ्या मुलीनं अजून किती वर्षं वर्गात गप्प बसायचं होतं? याचं उत्तर तिच्याकडे नाही. पण व्हॅनमधल्या पोरांच्या आयांकडेही अशीच काहीतरी कारणं असतील, आणि ती मी तेव्हा ऐकून घेतली नव्हती, हेही ती लगेच काढते.

म्हणून "का ठेवलं?" याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकते, कारण ते एका मुलीपुरतं आहे. "बरोबर केलं का?" हे विचारलंत तर मला आजही दोन तोंडांनी बोलावं लागतं. आणि कृपा करून "अगं, एवढा विचार कशाला, आपल्या मुलांचं भलं झालं ना" असं म्हणून माझी समजूत काढू नका. फ्रीमॉण्टला मिशन सॅन होजे या नावाजलेल्या शाळेच्या हद्दीत केवळ शाळेसाठी घर घेणाऱ्यांनी तर नकोच. शाळेचा पट तुमच्याही निर्णयानं हलला आहे, फक्त तुम्हाला त्यासाठी सभागृहात उभं राहून बोलावं लागलं नाही.

सध्या काय चाललंय तेही सांगते, म्हणजे पुढच्या रांगेत विचारावं लागणार नाही. पुढच्या वर्षासाठी खोल्यांचा अर्ज १ नोव्हेंबरपर्यंत डिस्ट्रिक्टकडे द्यावा लागतो. या वर्षी आमचा पट थोडा उतरला आहे, इकडे सगळीकडेच मुलं कमी होताहेत. मी आमच्या संचालक मंडळाला लिहिलं आहे की एक खोली कमी मागा, आणि ती कमी केलेली खोली संगीताचीच असू द्या. मोठ्या मुलांचा वर्ग जेवणाच्या हॉलच्या कडेला बसवता येईल, मी मापं घेऊन नकाशा जोडला आहे. काही पालकांनी पाठिंबा दिला. काहींनी मला विचारलं की एकदा सोडलेली खोली पट वाढल्यावर परत मिळेल याची हमी कोण देणार, आणि तो प्रश्न खोटा नाही. माझ्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, तिला ती भिंत आवडते. पत्र मी मुलाच्या तिसरीच्या त्या बाईंनाही पाठवलं आहे. मंडळाची बैठक पुढच्या मंगळवारी आहे, आणि मी कार्ड भरलं आहे.