काटा रुतलाच नव्हता

रविवार, रात्री उशिरा

उत्तरायण, म्हणजे आमच्याकडची पतंगांची संक्रांत, झालं, दुसऱ्या दिवशीचं वाशी उत्तरायणही झालं, अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, अजून मांज्याचे गुंते पडलेत आणि बोटांवरच्या चिरा स्टायलस धरताना झोंबतायत, पण आज स्टॉर्म पूर्ण केली. टॅबलेट बाजूला ठेवून वीस वेळा परत उघडून बघितली असेल. खूप दिवसांनी एखादं चित्र मनात होतं तसंच उतरलंय, म्हणून लिहून ठेवते.

स्टॉर्म म्हणजे मार्व्हलच्या एक्स-मेन या सुपरहिरो कॉमिकमधली ओरोरो मन्रो, पांढऱ्याशुभ्र केसांची, वारा पाऊस वीज सगळं जिच्या हुकमात. १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम या दोघांनी तिला कॉमिकमध्ये आणलं. माझी ती पहिल्यापासून लाडकी, आणि फक्त विजा पाडते म्हणून नाही. लहानपणी कैरोमध्ये घर कोसळून ती ढिगाऱ्याखाली मेलेल्या आईशेजारी अडकली होती, तेव्हापासून तिला बंद जागेची भीती बसली. एवढं आभाळ जिचं ऐकतं तिला लिफ्टमध्ये घाम फुटू शकतो. म्हणून तिला काढायची तर उघड्यावरच काढायची हे माझं आधीपासून ठरलेलं, आणि बडोद्यात राहून उघडं म्हटलं की दुसरं काय सुचणार, अगाशीच.

चौदा तारखेला दुपारी वारा पडला. दरवर्षी होतं तसंच, सकाळी मस्त हवा असते आणि उंधियु-जिलबी पोटात गेली की सगळं ठप्प. आमच्या दांडिया बाजारातल्या अगाशांवर माणसंच माणसं, गाणी लावलेली, आणि पतंग मात्र कोणाचाच उठत नाही, सगळे हात मारून मारून दमलेले, शेजारच्या अगाशीवरून कोणीतरी माइकवर ओरडतंय की हवा नथी, हवा नथी. मी पाण्याच्या टाकीला टेकून तिळाची चिक्की खात होते आणि एकदम डोक्यात आलं की आत्ता इथे स्टॉर्म असती तर! आणि मग लगेच पुढचं आलं, की असती तर तिने सगळ्यांना वारा दिला असता का? नसता दिला. थोडा वेळ तरी नसता दिला. आधी स्वतःचा एकटीचा पतंग चढवला असता आणि काही माहीतच नाही असा चेहरा करून बसली असती.

हा चेहरा म्हणजेच पिन-अप, माझ्या मते.

पिन-अप, म्हणजे कॅलेंडरांवरची नखरेल मुलींची चित्रं, म्हटलं की लोकांना फक्त कमी कपड्यांतली बाई आठवते, पण मला त्यातला खरा रस प्रसंगात वाटतो. गिल एल्वग्रेन हा त्यातला उस्ताद, अमेरिकेत मिनेसोटाच्या ब्राउन अँड बिगेलो कंपनीच्या कॅलेंडरांसाठी त्याने वर्षानुवर्षं तैलरंगात असल्या मुली रंगवल्या. त्याची पद्धत बघण्यासारखी आहे, आधी मॉडेलला स्टुडिओत उभी करून, खरं सामान वापरून फोटो काढायचा, मग कॅनव्हासवर पाय थोडे लांब, कंबर थोडी बारीक, डोळे थोडे मोठे, भुवया चढवलेल्या. आणि प्रसंग नेहमी छोट्या अपघाताचा. कुंपणाला झगा अडकला, कुत्र्याच्या पट्ट्याने पाय गुंतले, वाऱ्याने घेर उडाला, आणि मुलगी आपल्याकडे बघून "अगंबाई!" असं तोंड करते. रंग इतके ताजे, की दूध प्यायल्यासारखी कातडी दिसते. मी त्याची चित्रं मोठी करून करून बघते, गुडघ्यावर गुलाबी कुठे टाकलाय, स्टॉकिंगची चमक एका फटकाऱ्यात कशी आणलीये. शिकण्यासारखं इतकं आहे त्याच्यात.

पण तो अपघात मला कायम थोडा खुपतो. म्हणजे ती मुलगी काही करत नाही, तिच्या बाबतीत घडतं. वारा कोणाचा तरी, कुंपण कोणाचं तरी, बघणारा कोणी तरी, आणि तिच्या वाट्याला फक्त गोड दचकणं. साध्या मुलीच्या चित्रात ते चालून जातं, पण सुपरहिरोईनला ते कसं लावायचं? जी ट्रक उचलते तिचा झगा खिळ्याला अडकून ती बावरते असं काढलं तर ती मग तीच राहत नाही, नुसता पोशाख राहतो. खूप फॅन आर्ट, म्हणजे चाहत्यांनी काढलेली अशी चित्रं, मला याच कारणाने पोकळ वाटतं, केस-कपडे बरोबर असतात आणि बाई दुसरीच असते.

आणि इथेच स्टॉर्मने माझा प्रश्न सोडवला. वाऱ्याने घेर उडणं हा पिन-अपमधला सगळ्यात घासलेला प्रसंग, हो ना? पण स्टॉर्मचा घेर वाऱ्याने उडाला तर तो वारा तिचाच आहे! तिच्या परवानगीशिवाय तिचा केससुद्धा हलणार नाही. म्हणजे अपघात उरतच नाही, उरतं ते तिचं नाटक. प्रसंग तोच ठेवला तरी चित्राचा अर्थ पूर्ण उलटतो. हे लक्षात आल्यावर मी चिक्की तशीच टाकून खाली पळाले स्केचबुक आणायला.

तर चित्र असं आहे. टाकीच्या काठावर ती बसलीये, पायांची घडी, मांडीत फिरकी. अंगात १९५०च्या दशकातला घेरदार पिवळा फ्रॉक, खांद्यावर मात्र तिची ती काळी केप, कारण केपशिवाय स्टॉर्म नाही. फ्रॉक, केप, केस सगळं उडतंय. आणि बाकी चित्रभर कुठेही हवा नाही, शेजारच्या दोरीवरचे टॉवेल सरळ लोंबतायत, चार अगाशांवरचे पतंग माना टाकून पडलेत, लोक कमरेवर हात ठेवून वर बघतायत, लांब मांडवीचा दरवाजा ऊन्हात. फक्त तिचा एक पतंग पार वर. आणि तिची नजर आपल्याकडे, तिरकी, एक बोट उगाच हनुवटीला. सूरसागर तळ्यातले महादेव खरं तर आमच्या अगाशीवरून मस्त दिसतात पण ते मी वगळले, या चित्रात ते नकोत.

रेखाटताना सारखी शकुंतला आठवत होती. रविवर्म्याची, पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणारी, कॅलेंडरांवर, काडेपेट्यांवर, जुन्या घरांच्या भिंतींवर सगळीकडे पाहिलेली. मूळ प्रसंग कालिदासाच्या नाटकातला. दुष्यंताला सोडून निघताना ती दर्भ पायात रुतला म्हणून थांबते, वल्कल झुडपात अडकलं म्हणून थांबते, आणि खरं तर तिला फक्त अजून एकदा बघायचं असतं. आता हे नीट बघा, पाय आणि अडकलेलं वस्त्र, अगदी एल्वग्रेनचाच मसाला, त्याच्या दीड हजार वर्षं आधीचा! फरक एवढाच की शकुंतलेला काटा रुतलेलाच नाहीये. तिला माहितीये, मैत्रिणींना माहितीये, आणि चित्र बघणाऱ्या आपल्यालाही माहितीये. मला माझ्या सगळ्या हिरोईन अशाच काढायच्या आहेत. अडकलेल्या नकोत, अडकल्याचं सोंग करणाऱ्या हव्यात.

शकुंतलेचं ते चित्र तिरुवनंतपुरमला आहे, पण रविवर्मा आमच्या बडोद्याचाही तितकाच. सयाजीरावांनी त्याच्याकडून पौराणिक चित्रांची मोठी मालिका करून घेतली, ती फत्तेसिंह म्युझियममध्ये आजही बघायला मिळते. तिथली अर्जुन-सुभद्रा बघायला मी शाळेत असल्यापासून जाते. सुभद्रा लाजलीये, मान फिरवलीये, पण तिचा हात मात्र अर्जुनाच्या हातातून सुटायची फार घाई करत नाहीये असं मला दरवेळी वाटतं. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्याने छापखाना काढला आणि ही सगळी माणसं स्वस्तात घराघरात भिंतीवर लागली, खिळ्याला टांगून. पिन-अप म्हणजे तरी काय, भिंतीला टाचलेलं चित्रच ना. तिकडे १९४० मध्ये एस्क्वायर मासिकात वर्गास या चित्रकाराच्या मुली सुरू झाल्या, पुढच्याच वर्षी वंडर वुमन आली, युद्धातल्या विमानांच्या नाकांवर सुद्धा मुली रंगवलेल्या. म्हणजे सुपरहिरोईन आणि पिन-अप या दोघी एकाच काळात वाढलेल्या, मला त्या कधी लांबच्या वाटल्याच नाहीत.

आमच्या घरी हे चित्रांचं वेड बाबांकडून. मुंबईहून पोस्टाने येणारे दिवाळी अंक, आणि त्यावरच्या दीनानाथ दलालांनी आणि मुळगावकरांनी रंगवलेल्या बायका. बाबा अंक वाचून झाल्यावर मुखपृष्ठं वेगळी काढून कपाटात वर्तमानपत्राखाली सपाट ठेवायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. दलालांची रेष मी तिथे बघितली, जाड-बारीक होत जाणारी, पदराची एकच रेष खांद्यापासून पार पावलापर्यंत न उचलता गेलेली. आजही डिजिटलवर काम करताना मी ब्रशचं प्रेशर तसं सेट करते, रेष सगळीकडे सारखी जाड आली की मला ती मेलेली वाटते.

पोझसाठी नेहमीप्रमाणे वहिनी. झोई मोझर्ट म्हणून एक बाई होती, स्वतः पिन-अप काढायची आणि आरशासमोर स्वतःच मॉडेल व्हायची, मला ते फार आवडतं. मी पण आधी फोनला टायमर लावून माझेच फोटो काढते, पण टाकीवर बसून टायमर कुठे लावणार, म्हणून वहिनीला वर नेलं. वहिनीचं म्हणणं, "मला हिरवी नाहीतर निळी काहीही कर, फक्त माझं नाक नको काढूस." (नाक तिचंच काढलंय, तिला अजून कळलेलं नाही.) कॉमिकच्या एका जुन्या कव्हरवरची पोझ पण करून बघ म्हटलं तिला, ज्यात छाती आणि पाठीमागची बाजू दोन्ही एकाच वेळी आपल्याकडे वळलेल्या असतात. वहिनी रोज पहाटे योगासनं करते, पण तिला ती जमली नाही, कारण ती कोणालाच जमणार नाही, मणक्याला तेवढा पीळ बसतच नाही. २०१२ मध्ये लोकांनी याच पोझेसमध्ये हॉकआयला, मार्व्हलच्या धनुर्धारी हिरोला, काढायला सुरुवात केली होती, तो धट्टाकट्टा पुरुष तसा वाकलेला बघितला की लगेच कळतं काय चुकतंय ते. मला कंबर वळवायचीच असेल तर आपला त्रिभंग आहे की, भार एका पायावर, कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, मान परत उलट. देवळातल्या बायका हजार वर्षं तशा उभ्या आहेत आणि त्यांच्यातल्या कोणाचाही मणका मोडलेला नाही. स्टॉर्म बसलेली आहे तरी खांदे-कंबर उलटसुलट तिरके ठेवलेत, त्यानेच तिच्यात मस्ती आली.

रंगात सगळ्यात वेळ केसांनी खाल्ला. पांढरे केस पांढऱ्याने रंगवले की ते कापूस दिसतात, म्हणून सावलीत फिकट जांभळा आणि आकाशी, फ्रॉकच्या बाजूला फ्रॉकचा पिवळा परावर्तित, आणि शुद्ध पांढरा फक्त दोन-तीन बटांवर. तिची कातडी गडद सावळी, तिला उजळ करायचा मोह लोक का आवरत नाहीत मला कळत नाही, दुपारच्या ऊन्हात गडद कातडीवर जी चमक येते, खांद्यावर निळसर, गुडघ्यावर तांबूस, ती रंगवण्यासारखं सुख नाही. आभाळ मुद्दाम फिकं, धुरकट ठेवलं, जानेवारीतलं बडोद्याचं असतं तसंच.

आई मागून येऊन बराच वेळ बघत उभी होती. मग म्हणाली, "हिला सगळं कळतंय." मी काहीच सांगितलं नव्हतं तिला, स्टॉर्म कोण, वारा कोणाचा, काहीच नाही. मला एवढंच हवं होतं!

मात्र एक मैत्रीण संध्याकाळी फोनवर म्हणाली की तू बाई असून असली चित्रं का काढतेस. तिच्याशी तासभर बोलले. तिचं सगळं चूक आहे असं मी म्हणणार नाही, तिने जे बघितलंय ते बघून तिला राग यावा असंच बरंच काही आहे. पण मला वाटतं सुंदर दिसण्यातली, नटण्यातली, कोणीतरी बघतंय हे माहीत असण्यातली मजा ही बाईची स्वतःची पण असते, आणि ती आपण काढली नाही तर दुसरे काढतील आणि त्यात ती मजा तिची नसेल. माझे नियम मी तिला सांगितले. शाळकरी वयाच्या हिरोईन, कमला खान वगैरे, या प्रकारात कधीच नाहीत. चेहरा आधी, बाकी सगळं नंतर, आणि चेहऱ्यात तिचा स्वभाव दिसला नाही तर पुढे काढायचंच नाही. आणि प्रिंट विकायच्या नाहीत, पात्रं मार्व्हल-डीसी या कॉमिक कंपन्यांची आहेत, मी आपली प्रेमापोटी काढते. तिला पटलं की नाही माहीत नाही, पण चित्र पाठव म्हणाली.

पुढची शी-हल्क. जेनिफर वॉल्टर्स, हिरव्या अंगाची, पेशाने वकील, १९८० मध्ये आली, आणि हिला तर कॉमिकमध्ये असताना वाचकांशी थेट बोलायची सवय, म्हणजे सोंग करणारीला अजून काय हवं. ती सेवउसळीच्या गाडीवर उभी, ऑफिसच्या सूटमध्ये, एका हातात फायली, आणि रश्श्याच्या तिखटाने डोळ्यात पाणी आल्याचं नाटक करत जास्तीची सेव मागतेय. हिरव्या गालावर गुलाबी लाली मळकट दिसते, तिथे गडद हिरवीच टाकून बघायची. वहिनीला विचारलंय, शनिवारी येते म्हणाली, पण सेवउसळ खरी पाहिजे, रिकामी डिश धरून ती उभी राहणार नाही.