वेंगुर्ल्याच्या ओटीसाठी शिकागोत शोधलेला ॲम्प

झटका थेट ओठाला बसला. फेब्रुवारीतली रात्र होती, शिकागोतली माझी भाड्याची खोली, आणि नुकताच घेतलेला साठ वर्षांचा जुना ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर. माइक जोडला, माउथ ऑर्गन आणि माइक दोन्ही ओंजळीत घट्ट धरले, तोंडाला लावले, आणि लाल मुंगी चावावी तसं काहीतरी ओठातून निघून गेलं. पाय भिंतीजवळच्या वाफेच्या लोखंडी हीटरला टेकला होता. दोन पिनांचा प्लग काढून उलटा खोचला तर झटका बंद. पुन्हा सुलटा केला, पुन्हा झटका.

तेव्हा वेंगुर्ल्याचं माजघर आठवलं. फळीवर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ असायचा आणि त्याच्या पाठीमागे हात घालायला आम्हा मुलांना बंदी होती. काका तेव्हा गावात रेडिओ दुरुस्त करायचे. ते सांगायचे, "हात लावू नको गो, एसी-डीसी सेट आसा तो. चासीत करंट येता." चासी म्हणजे आतला धातूचा सांगाडा. अशा सेटमध्ये भिंतीची वीज वेगळी करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, ती सरळ चासीपर्यंत पोचते. नेमकी तीच रचना अमेरिकेत १९५०-६०च्या दशकांतल्या कित्येक स्वस्त ॲम्पमध्ये होती. तिकडे अशा ॲम्पचं नावच विडोमेकर, म्हणजे बायकोला विधवा करणारा. गिटारवाल्याच्या निदान बोटांना झटका बसतो. आपला माइक धातूचा, आणि तो ओल्या ओठाला टेकलेला.

हे ओळखायची खूण मला नंतर कळली. अमेरिकन व्हॉल्व्हच्या नावातला पहिला आकडा साधारणपणे फिलामेंटचा, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारेचा, व्होल्टेज सांगतो. मागची जाळी काढल्यावर ५०सी५, ३५डब्ल्यू४, १२एयू६ अशी नावं दिसली तर बेरीज करा. ती शंभराच्या आसपास जाते, कारण सगळी फिलामेंटं एका माळेत ओवून जवळजवळ थेट भिंतीच्या विजेवर लावलेली असतात. ६व्ही६, ६बीक्यू५ अशी नावं दिसली तर आत बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे. 'बहुधा' एवढ्यासाठी की ट्रान्सफॉर्मर डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझे १२० डॉलर गेले. विकणाऱ्याने ॲम्प परत घेतला नाही.

घरी फोनवर सांगितलं तर बाबांनी विचारलं, "माउथ ऑर्गनला ॲम्प कशाला गो लागता?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शिकागोच्या इतिहासात आहे, आणि कोकणातल्या माणसाला ते पटकन समजेल.

आपले चाकरमानी गिरणीत कामाला मुंबईला गेले आणि जाताना भजन घेऊन गेले. तसेच मिसिसिपी आणि लुइझियानाकडचे कृष्णवर्णीय कामगार शिकागोच्या कारखान्यांत आणि कत्तलखान्यांत आले, आणि येताना ब्लूज हे आपलं गाणं घेऊन आले. गावच्या पडवीत ऐकू जाणारा बाजा, म्हणजे माउथ ऑर्गन, शहराच्या गोंगाटात ऐकू जाईना. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात वादक शेजारच्या घरांतून वायर ओढून ॲम्प लावायचे. १९३०मध्ये लुइझियानात जन्मलेला लिटल वॉल्टर याच वातावरणात वाढला. साधा सभेतला माइक त्याने माउथ ऑर्गनसकट ओंजळीत कोंडला आणि व्हॉल्व्हच्या ॲम्पला त्याच्या ताकदीपलीकडे ढकललं. १९५२च्या सुमारास त्याच्या रेकॉर्ड निघाल्या आणि त्या इवल्याशा वाद्याचा आवाज सॅक्सोफोनसारखा भरीव झाला. ॲम्प तिथे नुसता आवाज मोठा करत नाही, तो वाद्याचाच अर्धा भाग असतो. व्हॉल्व्हवर जास्त भार टाकला की तो सूर एकदम फाडत नाही, आधी दाबतो, गोल करतो, मग कडेने खरखर घालतो. आणि श्वास हलका केला की पुन्हा निवळतो. माझ्यासाठी सगळं याच्यात आलं.

यासाठी महागडा ॲम्प लागत नाही. माउथ ऑर्गनवाल्यांचं दैवत म्हणजे १९५९च्या आसपासचा फेंडर बासमन, दहा इंची चार स्पीकरचा. त्याला आज हजारो डॉलर पडतात, आणि तो उचलून वेंगुर्ल्याला न्यायचा म्हणजे तीन माणसं हवीत. पण त्या काळी सिअर्स या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये सिल्व्हरटोन ॲम्प विकले जायचे, त्यांतले बरेच डॅनइलेक्ट्रो कंपनी बनवायची. शिकागोतलीच वॅल्को कंपनी सुप्रो बनवायची. गिब्सनने १९६५च्या सुमारास कॅलामझू नावाने स्वस्तातले ॲम्प काढले, शिकणाऱ्या पोरांसाठी. गिटारवाले यांच्याकडे बघायचे नाहीत, कारण त्यांचा आवाज लवकर फाटतो, जोर कमी आणि वरचे सूर दबलेले. आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

मी साडेतीन महिने शोधलं. शनिवारी आगगाडीने उपनगरांत जायचं, लोकांच्या तळघरात उभं राहून वाजवून बघायचं. माइक आणि माउथ ऑर्गन नेहमी स्वतःचेच नेले. विकणारा गिटार वाजवून दाखवतो, ती ऐकून काहीही ठरत नाही. माझी परीक्षा एकच होती. सी पट्टीच्या बाजावर पहिलं आणि चौथं भोक एकदम, मधली दोन जिभेने झाकून, आत श्वास ओढायचा. दोन्हींत एकच सूर येतो, एका सप्तकाच्या अंतराने. चांगल्या ॲम्पमधून तो जाड, दोरखंडासारखा पिळलेला येतो. वाईटातून दोन पातळ सूर येतात, आणि लगेच शिट्टी.

ही शिट्टी म्हणजे माउथ ऑर्गनवाल्याचा खरा वैरी. दशावताराच्या मंडपात माइक भोंग्यासमोर आला की जी किंकाळी येते, तीच. गिटारसाठी बनवलेल्या ॲम्पचा पहिला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा १२एएक्स७ असतो, आणि त्याची वाढवण्याची ताकद शंभरपट. आपला माइक मुळातच जोरकस, त्यामुळे आवाज भरायच्या आधीच शिट्टी मारतो. उपाय सोपा आहे. त्याच खाचेत १२एवाय७ बसतो, ताकद सुमारे पंचेचाळीस. मी खिशात एक घेऊनच फिरायचे आणि मालकाची परवानगी घेऊन तिथेच बदलून बघायचे. दोन ॲम्प असे नाकारता नाकारता आवडू लागले.

शेवटी घेतला कॅलामझू. पाच वॉटच्या आसपासचा, दहा इंची एक स्पीकर. किंमत ३२५ डॉलर. दुरुस्तीला आणखी १६०, आणि हे पैसे वाचवण्याचा विचारसुद्धा करू नये असं मला मनापासून वाटतं. विजेची खरखर गाळणारे जुने फिल्टर कंडेन्सर वाळून गेलेले असतात, ते बदलावेच लागतात. दोन पिनांच्या जागी तीन पिनांची वायर घालून अर्थ चासीला जोडावा लागतो. काही जुन्या ॲम्पमध्ये वीज आणि चासी यांच्यामध्ये एक कंडेन्सर असतो, तोही काढून टाकायचा, कारण तो बिघडला तर वीज सरळ चासीवर येते. बाहेरून चकचकीत पण कधीच उघडला न गेलेला ॲम्प मला आता नकोसा वाटतो. ओरखडे पडलेला चालेल, पण त्याच्या आत कुणीतरी अलीकडे हात घातलेला असावा.

पाच वॉटवर ढोलकी-ड्रमसमोर उभं राहता येत नाही, हे खरं. तिथे ॲम्पसमोर दुसरा माइक ठेवून मोठ्या स्पीकरमधून आवाज द्यायचा. मला ओटीवर वाजवायचं होतं.

कोकणात न्यायचं ठरल्यावर बाकीच्या गोष्टी पुढे आल्या. हवा ही पहिली. आधीच्या एका पावसाळ्यात मी क्रिस्टलचा जुना माइक घरी आणला होता. त्यातला स्फटिक रोशेल सॉल्टचा, म्हणजे जेवणातलं नसलं तरी एक प्रकारचं मीठच. ओल आणि उष्णता दोन्ही त्याला मारक. आमच्याकडे आषाढात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तिथे तो काय टिकणार? नारळी पौर्णिमेपर्यंत माइक मुका झाला. आता मी चुंबकाचा माइक वापरते. दुसरी गोष्ट ॲम्पच्या पेटीची. स्वस्त ॲम्पची पेटी पुष्कळदा भुसा दाबून केलेल्या फळीची असते, ओल लागली की खालच्या कडेने फुगते. म्हणून तो जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवायचा.

आणि वीज. तिकडे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, इकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि ६०साठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर जास्त तापतो. म्हणून ११० व्होल्टच द्यायचे आणि मध्ये मध्ये विश्रांती.

यंदा चतुर्थीला ॲम्प हातसामानातून आणला. काकांनी सगळ्यांत आधी घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतलं, बल्ब लावून तपासलं, मग ॲम्पची पाठ उघडली. चष्मा कपाळावर सरकवून आत बघत राहिले. आत ६बीक्यू५ होता, हे अमेरिकन नाव. युरोपात, म्हणून आपल्या फिलिप्सच्या रेडिओतही, तोच व्हॉल्व्ह ईएल८४. काका म्हणाले, "ह्यो तर आपल्या रेडिओतलोच गो!" आणि आत जाऊन बिस्किटांचा गंजका डबा घेऊन आले. कापसात गुंडाळलेले तीन ईएल८४, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, वीस-पंचवीस वर्षं कुणी न विचारलेले. दोन चालले.

दुसऱ्या रात्री भजनी मंडळ आलं. पेटीवर बाबा, सूर काळी एक. त्यासाठी एफ शार्पचा बाजा लागतो, तो आत ओढत वाजवला की षड्ज बरोबर काळी एकवर येतो, आणि निषाद आपोआप कोमल. म्हणजे खमाज थाटाच्या सुरांना तो तसाच बसतो. मी फार वाजवलं नाही. गजर चढला तेव्हा पेटीच्या मागून फक्त लांब सूर धरले. पेटीची आणि माझ्या बाज्याची पितळी पत्ती एकाच जातीची, पण त्या रात्री पेटी उघड्या गळ्याने गात होती आणि ॲम्पमधून तोच सूर भरल्या घशाने येत होता. बाबांनी मान न वळवता दोनदा तीच ओळ घेतली.

गजर संपला तसे काका उठले आणि ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला. "गरम झालो हा. धा मिनिटां रवांदे." तेवढ्यात आतून काळ्या वाटाण्याच्या उसळीची पातेली बाहेर आली.