दहा हजारांच्या आत कयाक: रत्नागिरीजवळ काजळी नदीच्या खाडीतली सुरुवात

हिशेब आधी सांगतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. फुगवायची एकट्याची कयाक (दुपाती वल्ह्याने चालवायची अरुंद होडी), नऊ फुटी, शंभर किलोपर्यंत वजन पेलणारी, वापरलेली: ६,५००. लाइफ जॅकेट नवं: २,२००. पायाने मारायचा पंप ४५०, दोर ३५०, मोबाइलची पाणी न शिरणारी पिशवी २००, शिट्टी ४०. वल्हं होडीबरोबरच आलं. कडक प्लास्टिकची कयाक जास्त सरळ आणि वेगात जाते, मान्य. पण ती वीस-पंचवीस किलोंचं धूड, वर न्यायला गाडी आणि टपावर कॅरिअर. माझ्याकडे स्कूटर आहे. फुगवायची होडी घडी करून पायांत मावते, विषय संपला.

जुन्या बाजारातून जॅकेट मात्र घेऊ नका. आतला फोम दबलेला असतो आणि ते बाहेरून कळत नाही. पोहता येणाऱ्याने ५० न्यूटन उचल देणारं, काखेत मोकळं असलेलं घ्यावं, म्हणजे वल्हवताना हात अडत नाहीत. पण बेशुद्ध माणसाला ते उताणं करत नाही, हे लक्षात असू द्या. म्हणून मी एकटा जात नाही, काठावर कुणीतरी असतंच. दोर मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून घेतला. तिथे नायलॉन मागू नका, तो बुडतो. पॉलिप्रोपिलीनचा हलका दोर पाण्यावर तरंगतो आणि फेकलेला दोर दिसायला तरी हवा ना!

आता खरी गोष्ट. या छंदात सगळ्यात मोलाची वस्तू फुकट आहे आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असते: तिथी. खाडीच्या मुखाजवळच्या भाट्ये गावातल्या एका काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आज तिथी कोणती?" मी मोबाइल काढायला लागलो तर म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर, तितक्या वाजता भरती पूर्ण." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला सव्वाअकरा, मग कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. छापील वेळापत्रकाशी थोडा फरक पडतो आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. पण बेत आखायला एवढं पुरतं.

या गणितातून नवशिक्याला एक वरदान मिळतं. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती पूर्ण होते ती दशमी-एकादशी-द्वादशीला. हे दिवस भांगाच्या, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीच्या आसपासचे, त्यामुळे पाण्याला ओढ कमी. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीत, सकाळी पाच-सहाच्या सुमारास सुकती असते (पाणी सगळ्यात खाली), होडी उतरवायला गुडघाभर चिखल तुडवावा लागतो, आणि भरती पुरी होते तेव्हा डोक्यावर ऊन. त्यामुळे माझे सुट्टीचे दिवस रविवारवर नाही, एकादशीवर ठरतात. (घरच्यांना वाटतं मी धार्मिक झालो.)

बेत साधा. भरती पूर्ण व्हायच्या दीडेक तास आधी उतरायचं, पाण्याबरोबर सोमेश्वर गावाच्या दिशेने वर जायचं, पाणी थांबलं की थोडं खायचं आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर परत. भरती चढते ती सारख्या वेगाने नव्हे. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मं पाणी येतं. ते दोन तास टाळले की भाट्याच्या पुलाच्या खांबांपाशी पाणी फार अंगावर येत नाही. पुलाखालून मुखाकडे मी जात नाही. ओहोटी बाहेर ओढते आणि पश्चिमेचा वारा आत ढकलतो, तेव्हा तिथे लाटा एकदम उभ्या राहतात. दुपारी हा वारा वाढतो, म्हणून दहाच्या आत काठावर.

वल्हवण्यातली प्रगती: सुरुवातीला नुसते खांदे भरून यायचे. आता वल्हं पायाच्या पंजाजवळ बुडवतो, कमरेतून वळतो आणि कंबरेपाशी आल्यावर बाहेर काढतो. हात जवळजवळ सरळच राहतात. दम आता पाठीत जातो, दंडात नाही. बुडाखालची पर (माशाच्या परासारखी उभी पट्टी) मात्र बसवायलाच हवी. ती नसली तर प्रत्येक फटक्याला नाक डावी-उजवीकडे डोलतं आणि अर्धी ताकद दिशा सावरण्यात जाते. वळायचं असेल तर वल्हं लांबवर अर्धगोलात फिरवतो. वल्ह्याची चपटी बाजू पाण्यावर थापून तोल सावरणं अजून उजवीकडे जमतं, डावीकडे नाही.

फुगवलेल्या होडीचा इथला खरा शत्रू म्हणजे कालवं. खडकांना आणि जुन्या खांबांना चिकटलेल्या त्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. सुकतीला वाकून जागा पाहून ठेवा आणि पुळणीवरच उतरा. कांदळवनात शिरायचं तर चिपीच्या झाडाच्या चिखलातून वर आलेल्या मुळांपासून हातभर लांब. सायकलच्या ट्यूबचा पॅच आणि सोल्युशन पीव्हीसीवर टिकत नाही, पीव्हीसीचाच तुकडा आणि त्याचाच गोंद लागतो. उन्हात ठेवलेली होडी हवा तापून दगडासारखी ताठते, तेव्हा थोडी हवा सोडायची. पाण्यात उतरल्यावर ती गार होऊन ढिली पडते, म्हणून पंप काठावर ठेवायचा, घरी नाही.

सध्या सराव चालू आहे तो उलटल्यावर परत चढण्याचा, कमरेएवढ्या पाण्यात. होडी सरळ करायची, पाय मागे पाण्याच्या पातळीवर आणून जोरात मारायचे, पोटावर आडवं चढायचं, मग वळून बसायचं. पाय खाली लोंबत राहिले तर ते होडीखाली जातात आणि चढणं होतच नाही. हे खोल पाण्यात दोन्ही बाजूंनी जमेपर्यंत करला गावाच्या पुढे मोठ्या पात्रात जाणार नाही.

मे संपला की होडी गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून माळ्यावर टांगणार. जमिनीवर ठेवली तर उंदीर आहेतच, आणि ओली ठेवली तर बुरशी. पावसाळ्यात बचत फायबरग्लासच्या हलक्या वल्ह्यासाठी. दोन तुकड्यांत सुटणारं वापरलेलं कुणाकडे असेल तर कळवा.