शेल्फचा हिशोब, एप्रिल ते जुलै: ५२० बाईट, नवतपा आणि सीकेएसएमचा कॉलम

मंडळी, मागच्या वेळी सांगितलं होतं की डिस्क शेल्फ (कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची, पुष्कळ हार्ड डिस्क मावणारी पेटी) घ्यायचा विचार करून राहिलो. तर घेतला, तीन महिने चालवला, आणि आता लिहायला हात मोकळा झाला. २४ खणांचा, २यू उंचीचा, २.५ इंची सॅस (सर्व्हरमधल्या जोडणीच्या) डिस्कवाला शेल्फ, सोबत १.२ टीबीच्या १०,००० आरपीएमच्या १४ डिस्क, सगळं कुठल्यातरी कंपनीच्या स्टोरेजमधून निघालेलं सेकंडहँड. वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून उचलला आणि ऑटोत मांडीवर धरून नागपुरातल्या मानेवाड्याला घरी आणला, कारण मागच्या सीटवर नुसता ठेवला असता तर रिंग रोडच्या खड्ड्यांनी डिस्क हलल्या असत्या आणि ते मला चालणार नव्हतं.

कशासाठी, तर काकांच्या निगेटिव्हसाठी. काकांचा महालात फोटो स्टुडिओ होता, १९८० च्या दशकापासूनची पाकिटं लाकडी कपाटात आहेत, लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो. ३५ एमएमची एक फ्रेम ४००० डीपीआयला, १६ बिटमध्ये स्कॅन केली की साधारण १२८ एमबीची टिफ फाइल होते, म्हणजे हजार फ्रेमला १२८ जीबी, आणि पाकिटं तर भरपूर आहेत. दोन यूएसबी डिस्कवर हे ठेवायची मला भीती वाटत होती म्हणून एवढा खटाटोप.

एप्रिलचा पहिला आठवडा सगळा ५२० बाईटमध्ये गेला. ज्यांनी अशा डिस्क घेतल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, मोठ्या स्टोरेज सिस्टिममधल्या बऱ्याच डिस्कचा सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाईटचा फॉर्मॅट केलेला असतो, वरचे ८ बाईट ती सिस्टिम स्वतःच्या तपासणीसाठी वापरते. लिनक्सला अशी डिस्क दिसते, मॉडेल नंबर दिसतो, पण साइज शून्य दाखवते आणि काही लिहिता येत नाही. घाबरून परत पाठवू नका, डिस्क चांगली असते. एसजी३-युटिल्स हा कमांडचा संच टाकायचा, त्यातल्या एसजी-फॉर्मॅटला साइज ५१२ द्यायची आणि वाट बघायची. माझ्या १४ पैकी दोघींवर वरून टाइप २ प्रोटेक्शन (सेक्टरसोबत जास्तीची तपासणी-माहिती) होतं, त्यांना फॉर्मॅट करताना एफएमटीपीइन्फो शून्य द्यावं लागलं, नाहीतर ५१२ झाल्यावरही कर्नल नाही म्हणत होता.

एका डिस्कला अडीच-तीन तास लागतात, पण सगळ्या एकदम लावता येतात, कारण काम डिस्क स्वतःच करते. मी रात्री ११ ला १४ च्या १४ लावल्या आणि पावणेबाराला लाईट गेली. इन्व्हर्टर घरचा पंखा आणि ट्यूबवर आहे, शेल्फ वेगळ्या लाइनवर, त्यामुळे सगळ्या अर्ध्यात बंद. लाईट आल्यावर प्रत्येकीवर एकच उत्तर, मीडियम फॉर्मॅट करप्टेड. मला वाटलं १४ डिस्क गेल्या बाप्पा. रात्रभर झोप नाही. सकाळी मॅन पेज नीट वाचल्यावर कळलं की अर्धवट राहिलेला फॉर्मॅट पहिल्यापासून परत चालवायचा, एवढाच इलाज आहे. परत चालवला, १४ ही आल्या. तेव्हापासून शेल्फ यूपीएसवर, दोन्ही पॉवर सप्लाय, आणि एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलं आहे, म्हणजे बॅटरी ठरवल्याखाली गेली की पूल (सगळ्या डिस्क मिळून केलेली एक साठवण) नीट बंद होऊन मशीन आपोआप उतरते.

मग मल्टिपाथ, म्हणजे एकाच डिस्कपर्यंत दोन रस्ते. शेल्फला मागे केबल लावायचे दोन आयओ मॉड्यूल असतात. मशीनमधलं, शेल्फ जोडायचं कार्ड ९२००-८ई आहे, दोन बाहेरचे पोर्ट, आयटी मोड (डिस्क जशाच्या तशा मशीनला दाखवणारं) फर्मवेअर २०.००.०७.००. दोन्ही मॉड्यूलला एकेक केबल लावली आणि मशीनमध्ये २८ डिस्क दिसल्या! तीच डिस्क दोन रस्त्यांनी दिसते म्हणून दोनदा. इथं एसडीए, एसडीबी नावांनी पूल बनवला तर फसाल, कारण ती नावं रिबूटनंतर बदलतात आणि एकच डिस्क दोन नावांनी फिरत असते. दोन्ही रस्ते एकत्र करणारं मल्टिपाथडी सुरू केलं, डब्ल्यूडब्ल्यूएननुसार (डिस्कचा कायमचा ओळख-नंबर) १४ नावं केली, त्यावरच पूल. नंतर एक केबल मुद्दाम ओढून बघितली, कॉपी चालू असताना, आणि कॉपी थोडी अडखळून पुढे चालू राहिली. ते बघून इतका आनंद झाला की खाली जाऊन आईला सांगून आलो.

पूल झेडएफएस या फाइल सिस्टिमचा, ६-६ डिस्कचे दोन रेडझेड२ गट, दोन डिस्क स्पेअर. प्रत्येक गटात दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. डेटाच्या ८ डिस्क, म्हणजे ९.६ टीबी, मशीन त्याहून कमी दाखवते कारण ती १०२४ च्या हिशोबाने मोजते. अ‍ॅशिफ्ट (पूल किती मोठा सेक्टर धरतो ते) १२ ठेवला, म्हणजे ४०९६ बाईट, यालाच ४के म्हणतात. डिस्क ५१२ च्याच आहेत तरी १२, कारण उद्या बदलायला ४के वाली डिस्क मिळाली तर अ‍ॅशिफ्ट मागाहून बदलता येत नाही, थोडी जागा गेली तरी चालेल. रेकॉर्डसाइज (फाइलचा एक तुकडा जास्तीत जास्त केवढा) १ एमबी, टिफ मोठ्या असतात म्हणून.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसलो. मे महिन्यात रोज स्कॅन टाकत होतो, सगळं छान. २५ मेला नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला, वरच्या खोलीत दुपारी ४१-४२ अंश, डिस्क ५२ ते ५४. स्मार्टमध्ये (डिस्क ठेवते ती स्वतःच्या तब्येतीची नोंद) माझ्या डिस्कचं ट्रिप टेंपरेचर, म्हणजे धोक्याची मर्यादा, ६५ लिहून येतं म्हणून डिस्कची काळजी नव्हती. २७ तारखेला झेडपूल स्टेटस (पूलची अवस्था दाखवणारी कमांड) बघतो तर सीकेएसएमच्या कॉलममध्ये आकडे, म्हणजे वाचलेल्या डेटाचा चेकसम (त्यावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला नाही असे प्रसंग. एका डिस्कवर ४, दुसरीवर ७, तिसरीवर ३, असे बाराच्या बारा डिस्कवर, दोन्ही गटांत. रीड आणि राइटचे कॉलम शून्य.

यातून मी जे शिकलो ते सांगतो. एक डिस्क मरत असेल तर तिच्याच ओळीत आकडा वाढतो. सगळ्यांच्या ओळीत थोडाथोडा वाढला तर सगळ्यांना सामाईक असलेलं शोधायचं, म्हणजे कार्ड, केबल, आयओ मॉड्यूल, रॅम, पॉवर. डिस्क बदलत बसायचं नाही. मी आधी तेच करणार होतो, स्पेअर लावायची कमांड टाइप पण केली होती, मग हात थांबवला, कारण बारा डिस्क एकाच दिवशी कशा काय बिघडतील? स्मार्टसीटीएलने बघितलं, ग्रोन डिफेक्ट (वापरात खराब झालेल्या जागा) सगळीकडे शून्य. रॅम ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) आहे, तरी रात्रभर मेमटेस्ट चालवला, साफ. केबल बदलली (बर्डीचा बाजार पालथा घातला, एसएफएफ-८०८८ जोडाची केबल कोणाकडेच नाही, शेवटी ऑनलाइन), तरी आकडे.

वेळ लिहून ठेवायला लागलो तेव्हा उलगडलं. पहाटे स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) केलं तर एकही नवा आकडा नाही. दुपारी १ ते ५ मध्ये केलं की वाढतो. मी टॉवर कॅबिनेट उघडलं, कार्डाच्या छोट्या काळ्या हीटसिंकला बोट लावलं आणि लगेच काढून घ्यावं लागलं, भाजलं. फॅक्टरीतली टेंपरेचर गन आणून मोजलं, ९१ अंश. हे कार्ड स्वतःचं तापमान कुठंच सांगत नाही, त्यामुळे मी तीन आठवडे डिस्कचे आकडे बघत समाधानी होतो आणि कार्ड तिकडे शिजत होतं. ही कार्डं सर्व्हरच्या पेटीसाठी बनलेली, तिथं पुढचे पंखे सतत वारा मारतात, माझ्या टॉवरमध्ये त्या कोपऱ्यात हवाच हलत नव्हती. ८० एमएमचा पंखा झिप-टायने थेट हीटसिंकवर बांधला, थर्मल पेस्ट पण बदलली (जुनी खडूसारखी सुकली होती). त्याच दुपारी ५८ अंश.

काही जण विचारतील कूलर का नाही लावला. कूलर लावायचा तर खोलीला, मशीनच्या तोंडावर नाही. आपल्याकडच्या पाण्यात क्षार फार, वर्षभरात कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो ना, तोच थोडाथोडा समोरच्या वस्तूंवर बसतो. मी कूलर दाराशी ठेवला, झोत भिंतीकडे, समोरची खिडकी उघडी, आणि हवेतला ओलावा मोजणारा हायग्रोमीटर लावला. ६० टक्क्यांच्या वर गेला की पाण्याची मोटर बंद, नुसता पंखा. स्क्रब आता महिन्यात दोनदा, पहाटे २ ला सुरू.

झेडएफएसबद्दल एवढं लिहावंसं वाटतं की साध्या रेड कार्डावर (डिस्कचे गट स्वतः सांभाळणारं कार्ड) हे सगळं मला कळलंच नसतं. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकजवळ न ठेवता वरच्या पॉइंटरमध्ये ठेवतं, त्यामुळे वाटेत कुणी बिघडवलं तर वाचताना पकडलं जातं, आणि पॅरिटीवरून (हरवलेलं परत काढता यावं म्हणून ठेवलेला जास्तीचा डेटा) दुरुस्तही होतं. बहुतेक ब्लॉक असेच दुरुस्त झाले. पण एका फाइलच्या एका पट्ट्यात तीन डिस्कवर एकदम घाण गेली होती, तिथं दोन पॅरिटी पुरल्या नाहीत. स्टेटस -व्ही खाली परमनंट एररमध्ये तेवढं एकच नाव, पाकीट नंबर ४१२, फ्रेम १७. दुसरी कॉपी नव्हती, कारण स्कॅन करून सरळ पूलवरच टाकत होतो. ते आता बंद केलंय, स्कॅन दोन ठिकाणी जातो आणि दर रविवारी झेडएफएस सेंडने अमरावतीला मित्राकडच्या मशीनवर फक्त बदललेलं जातं. पहिल्यांदाचं सगळं मी डिस्कवर भरून बसने स्वतः नेऊन दिलं.

फ्रेम १७ साठी काकांकडे गेलो. ते आधी शेल्फबद्दलच बोलले, "काय रे, तुह्या घरी ते मशीन रात्रभर ओरडून काहून राहते, तुही आई सांगत होती." मी नंबर सांगितला. त्यांनी वही काढली नाही, कपाटाच्या तिसऱ्या खणात हात घातला आणि दोन मिनिटांत पाकीट बाहेर. उजेडापुढे पट्टी धरून म्हणाले, "१९८७ चा तान्हा पोळा आहे हा, आपल्याच गल्लीतला." लाकडी बैल घेऊन पोरांची रांग, एकाच्या बैलाचं एक शिंग तुटलेलं. परत स्कॅन केली, १२९ एमबी, झेडपूल क्लिअर केलं, कालच्या पहाटेचं स्क्रब संपलं, बाराही ओळी शून्य.